पागोळ्यांवर दिवा लागेल काय?

आषाढात वारा सोसाट्याने सुटला आणि एखादे झाड तारांवर कोसळले, की सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतील वाड्या अंधारात बुडतात. बाहेर मात्र पागोळ्या अखंड वाहत असतात. या पडत्या पाण्यावर चक्र फिरवून घरापुरती वीज का काढू नये, असा प्रश्न अशा वेळी कोणाच्याही मनात यावा. न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याविषयीही हीच सूचना अधूनमधून होते. कल्पना मोहक आहे. पण मोहक कल्पनेचाही हिशेब मांडावा लागतो.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर त्याचे ३ लाख लिटर पाणी होते. ते सारे ५ मीटर खाली पडले, तर त्यातील एकूण शक्ती भरते अवघी ४ युनिट. आणि ही दिवसाची नव्हे, वर्षाची! चक्र व जनित्र यांतील घट वजा जाता निम्मी हाती आली तरी पुष्कळ. त्याच छपरावरचे १ किलोवॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हाच्या एका दिवसात एवढी वीज देते. सांडपाण्याची कथा याहून वेगळी नाही. पाच माणसांचे, माणशी १३५ लिटर पाणी दुसऱ्या मजल्यावरून ६ मीटर उतरले, तर ९ वॉटचा दिवा सव्वा तास जळेल, तोही काडीची घट न धरता. केस आणि खरकटे चक्रात अडकतील ते निराळेच. जॉर्डनमध्ये अम्मानच्या सांडपाण्यावर वीज निघते हे खरे. परंतु तेथे एका अख्ख्या महानगराचे पाणी सुमारे शंभर मीटर खाली उतरते.

वीज मिळते ती प्रवाह आणि उंची यांच्या गुणाकारातून. छपरापाशी दोन्ही तोकडी. ती एकत्र आढळतात आमच्या कुळागरांच्या माथ्यावर. सेकंदाला १० लिटर वाहणारा व्हाळ नळातून २० मीटर खाली आणला, तर निम्मी घट धरूनही १ किलोवॉट वीज रात्रंदिवस मिळते, म्हणजे दिवसाला २४ युनिट. शेजारच्या कर्नाटकात मलनाडच्या डोंगरउतारांवर अशी छोटी यंत्रे अनेक घरांनी बसविली आहेत. तेथील सह्याद्री वेगळा आणि आमचा वेगळा, असे तर नव्हे?

उन्हाळ्यात व्हाळ आटतो, हा आक्षेप रास्त आहे; पण तारा तुटतात त्या पावसात, आणि तेव्हाच व्हाळ भरलेला असतो. खरी अडचण पाण्याच्या हक्काची आहे. चक्रातून सुटलेले पाणी पाटाच्या मुखाच्या वरच ओहळात परत सोडले पाहिजे, नाहीतर एकाच्या दिव्यापायी खालच्याची पोफळ सुकेल. वाटपाच्या जुन्या रीती जाणणारी माणसे वाड्यांतून अजून आहेत. त्यांना विचारल्यावाचून इंजिनियरांनी नळ टाकू नये.

१९६१च्या मुक्तीनंतर गावोगाव तारा पोचल्या, हे मोठे काम झाले. तथापि त्या तारांतली वीज मुख्यतः गोव्याबाहेरून येते, आणि रांगेच्या टोकाची वाडी नेहमीच शेवटी उजळते. सरकारने छपरावरच्या चक्रांना अनुदान देण्याच्या भरीस पडू नये. छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. तेथे ते मे महिन्यात उपयोगी पडते. त्या पैशातून या तीन तालुक्यांतील व्हाळांचा प्रवाह आधी मोजावा: एकदा श्रावणात, आणि एकदा चैत्रात.