आजोबा झोपेत ओरडतात? रात्रीचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांत अनेक घरी आता आजी-आजोबाच असतात. मुले चाकरमानी, मुंबईला. अशा घरात आजोबा झोपेत ओरडू लागले, लाथा झाडू लागले, तर ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून विषय संपतो. फार तर कुणी बाहेरची बाधा म्हणते. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र याकडे गांभीर्याने पाहतात. कारण कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, ही खूण हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते.

नेमके काय बिघडते?

स्वप्ने प्रामुख्याने ‘रेम’ झोपेत पडतात. त्या वेळी मेंदू स्नायूंना शिथिल ठेवतो, म्हणून स्वप्नात कितीही धावले तरी पाय अंथरुणातच राहतात. हा लगाम सुटला की माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो आणि गुद्दा शेजारी झोपलेल्या बायकोला बसतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटाच्या डॉक्टरांनी हा स्वतंत्र विकार म्हणून मांडला. अशा १,२८० रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात १२ वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना कंपवात किंवा त्याच जातीचा मेंदूविकार होण्याचा अंदाज निघाला.

अर्थात, झोपेत बरळणाऱ्या प्रत्येकाला हा विकार नसतो. घोरताना श्वास अडकणे, नैराश्यावरील काही औषधे यांमुळेही असे होते. खात्री झोपेच्या तपासणीतूनच होते.

कंपवात जडल्यावर रात्र आणखी जड जाते. संध्याकाळच्या गोळीचा असर उतरला की अंग लाकडासारखे होते, कूसही बदलता येत नाही. त्यात लघवीला उठणे आलेच. मग दिवसभर डुलक्या. गोळ्यांच्या वेळा बदलून पुष्कळदा फरक पडतो, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळीने तोल जाऊन पडण्याची भीती वाढते.

डॉक्टरांना काय दाखवावे?

रुग्णाला सकाळी अनेकदा काहीच आठवत नाही. साक्षीदार एकच, घरची बाई. आणि तिला कुणी विचारत नाही. तज्ज्ञासाठी मुंबई-पुणे गाठावे लागते, वरंध घाट तर पावसाळ्यात वारंवार बंद असतो. एवढी फेरी फुकट जाऊ नये म्हणून रात्रीचा मोबाइल व्हिडिओ आणि झोपेच्या, गोळ्यांच्या वेळांची वही सोबत न्यावी. आजींनाही न्यावे.

तोवर खाट बुटकी असावी, आणि उशाशी काठी किंवा कोयता ठेवण्याची सवय असेल तर तो आजच दुसऱ्या खोलीत ठेवावा.