कण्हेर : कोठे लावावी, कोठे टाळावी

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे परिचित आहे. या पट्ट्यात चार महिने मुसळधार पाऊस पडतो व उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. अशा हवामानात थोड्या पाण्यावर बारमाही हिरवे राहून पांढऱ्या, गुलाबी वा तांबड्या फुलांनी बहरणारे झुडूप म्हणजे कण्हेर होय. महामार्गांच्या दुभाजकांवर ती लावली जाते, ती याच गुणांमुळे.

लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे छाट वाळूमिश्रित मातीत लावावेत. मुळे धरल्यावर ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात शेणखत घालून रोपे लावावीत. जागा भरपूर उन्हाची व निचऱ्याची असावी. कोकणच्या पावसात पाणी तुंबल्यास मुळे कुजतात. पहिल्या उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे, पुढे ते बेताचेच पुरते. फुले नव्या फुटीच्या शेंड्यांवर येत असल्याने बहर ओसरल्यावर हलकी छाटणी करावी. मावा व खवले कीड यांवर लक्ष ठेवावे.

तथापि, या झुडपाची दुसरी बाजू विसरता येणार नाही. संस्कृतात कण्हेरीला ‘करवीर’ म्हणतात, तसेच ‘अश्वमारक’ असेही नाव आहे. तिची पाने, फुले, साल, मुळे व चीक ही सर्वच विषारी असून ते विष हृदयाच्या क्रियेवर आघात करते. हिरवा पाला कडू असल्याने जनावरे तो सहसा टाळतात. परंतु छाटलेला पाला वाळून चाऱ्यात मिसळला, तर ती दगावू शकतात. पिवळी कण्हेर अथवा बिट्टी हिच्या बियाही तितक्याच घातक असून मुलांच्या खेळात त्या सहज येतात.

म्हणून शाळा, अंगणवाडी, गोठा व गुरांचे पाणवठे यांच्याजवळ कण्हेर लावू नये. तेथे जास्वंद किंवा कुंती लावावी. छाटणीनंतर हात स्वच्छ धुवावेत, पाला पुरावा आणि फांद्या चुलीत जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. कोणी चुकून भाग खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे व झाडाची फांदी सोबत दाखवावी. ग्रामपंचायतीने वृक्षारोपणाची यादी मंजूर करताना रोपाच्या शोभेबरोबर त्याची जागाही ठरवली, तर कण्हेर गावाची शोभा वाढवील, चिंता नव्हे.