डोंगरातल्या गावाची हॉकी

हॉकी म्हटली की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण अमेरिकेच्या उत्तरेकडे हॉकी म्हणजे बर्फावरची. पायात पात्याचे बूट आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. तिथल्या कॉलेजांचे गट असतात. दर मार्चमध्ये गटाची अंतिम स्पर्धा कुठे भरवायची, हा तिथे मोठा प्रश्न असतो. अशा एका गटाची गोष्ट शेतकरी बंधूंनी ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक गाव आहे.

ईसीएसी या गटात बारा कॉलेजे. हार्वर्ड, येल ही बडी नावे त्यात आहेतच, शिवाय आम्हा विस्तारवाल्यांच्या ओळखीचे कॉर्नेलही आहे. न्यूयॉर्क राज्यातली कृषी विस्तार सेवा त्याच विद्यापीठामार्फत चालते. पॉट्सडॅम आणि कँटन या पार उत्तरेकडच्या लहान गावांतलीही दोन कॉलेजे आहेत.

१९९३ ते २००२ या काळात ही स्पर्धा लेक प्लॅसिडला व्हायची. अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरातले हे गाव, वस्ती फार तर अडीच हजार. आपल्याकडे एवढ्या गावाला एस.टी. वेळेवर आली तरी नशीब म्हणायचे! पण या गावाने १९३२ आणि १९८० अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक भरवली. १९८० साली इथेच अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले होते.

पुढे २००३ मध्ये स्पर्धा ऑल्बनीला गेली आणि २०११ मध्ये अटलांटिक सिटीला. समुद्रकिनारा, जुगारघरे, हॉटेलेच हॉटेले आणि १९२९ सालचा भला मोठा हॉल. कागदावर कशाची उणीव नव्हती. पण त्या शहरात गटाचे एकही कॉलेज नाही, आणि पॉट्सडॅमच्या माणसाला तिथे जायला गाडीने सात-आठ तास लागतात. लोक कशाला जातील? रिकाम्या खुर्च्याच डोळ्यांत भरायच्या.

हे वाचताना मला एक शेतकरी मेळावा आठवला. जिल्ह्याच्या ठिकाणी पंख्यांचा चांगला हॉल घेतला होता. दिवस हरभरा काढणीचे, आणि परतीची शेवटची गाडी साडेचारची. जेवण झाले आणि निम्मा हॉल रिकामा. पुढच्या रांगेत उरलो आम्हीच, खात्याची माणसं.

अटलांटिक सिटीचे तीन वर्षांत आटोपले. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा लेक प्लॅसिडला आली. गावाच्या बाजूने एक गोष्ट भक्कम होती. तिथली ऑलिंपिकची मैदाने सांभाळायला राज्याने १९८१ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमले, त्यामुळे बर्फाच्या रिंगणाचा सगळा बोजा गावकऱ्यांवर पडत नाही. हे नसते तर नुसत्या ऑलिंपिकच्या आठवणींवर स्पर्धा परत आली असती, असे मला वाटत नाही. अडचणीही आहेतच. मार्चमध्ये घाटरस्त्यावर बर्फ असतो, आणि प्रिन्स्टनवाल्यांना हे गाव लांबच पडते.

बिग टेन या दुसऱ्या गटाने वेगळीच वाट धरली. २०१७ पर्यंत सेंट पॉल आणि डेट्रॉइट या शहरांत आलटून पालटून स्पर्धा घेतली. २०१८ पासून सामने कॉलेजांच्याच मैदानांवर होऊ लागले. गुणतक्त्यात जो संघ वर, तो यजमान. पाहुण्या संघावर त्यात थोडा अन्याय होतो, पण प्रेक्षकांना गाडी शोधत फिरावे लागत नाही.