पडद्यावरचा तपास आणि प्रयोगशाळेतील वास्तव

उतई (छत्तीसगढ) : दूरचित्रवाणीवरील गुन्हेविषयक मालिकांत रक्ताचा एक डाग सापडतो, प्रयोगशाळेतील यंत्र चालू होते आणि जाहिराती संपताच आरोपीचे नाव समोर येते. यातील यंत्रे बहुतांशी खरी असतात. वास्तवाशी विसंगत असतो तो तपासाचा वेग आणि निष्कर्षातील निःशंकपणा.

भारतात न्यायवैद्यक विज्ञान घरोघरी पोहोचवण्यात 1998 मध्ये ‘सोनी’ वाहिनीवर सुरू झालेल्या ‘सीआयडी’ मालिकेचा मोठा वाटा आहे. शिवाजी साटम यांनी साकारलेल्या एसीपी प्रद्युम्न यांच्याइतकेच नरेंद्र गुप्ता यांचे डॉ. साळुंखे प्रेक्षकांना परिचित आहेत. एकच तज्ज्ञ शवविच्छेदन, विषपरीक्षण आणि डीएनए चाचणी करताना या मालिकेत दिसतो. प्रत्यक्षात ही कामे वेगवेगळ्या विभागांतील तज्ज्ञांची असतात.

डीएनए चाचणीत पेशींतून डीएनए वेगळा काढणे, त्याचे प्रमाण मोजणे, ‘पीसीआर’ पद्धतीने त्याच्या प्रती तयार करणे आणि आलेखाचे वाचन करणे असे टप्पे असतात. त्यांना अनेक तास लागतात. प्रलंबित नमुन्यांमुळे अहवालास त्याहून कितीतरी अधिक काळ लागू शकतो. शिवाय डागातून नाव कळत नाही. तुलनेसाठी संशयिताचा नमुना लागतो. राष्ट्रीय डीएनए पेढीची तरतूद असलेले विधेयक 2023 मध्ये मागे घेण्यात आले.

मृत्यूची अचूक वेळ सांगणेही तितकेच कठीण. मृत्यूनंतर शरीराचे तापमान 37 अंशांवरून भोवतालच्या तापमानाकडे सरकते, हा अनुमानाचा एक आधार. मात्र छत्तीसगढच्या मैदानी भागात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. अशा वेळी हवाच शरीराहून उष्ण असल्याने हा निकष निरुपयोगी ठरतो. म्हणूनच शवविच्छेदन अहवालात नेमकी वेळ नव्हे, तर काही तासांचा अवधी नमूद केला जातो.

नार्को चाचणीतील कबुलीने प्रकरण निकाली निघते, हा समजही चुकीचा आहे. संमतीविना नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूची चाचणी करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला.

अमेरिकेत 2000 मध्ये ‘सीएसआय’ मालिका सुरू झाल्यानंतर ज्यूरी सदस्यांच्या अपेक्षा अवाजवी झाल्याची चर्चा झाली. भारतात ज्यूरी पद्धत राहिलेली नाही. निकाल न्यायाधीश देतात. त्यामुळे मालिकांतून रुजलेल्या समजुतींचा परिणाम येथे प्रामुख्याने पीडित कुटुंबांच्या अपेक्षांवर आणि घटनास्थळी जमणाऱ्या गर्दीच्या वर्तनावर होऊ शकतो. अहवालास विलंब झाला की तपासावर संशय घेतला जातो. दुसरीकडे, विज्ञान सारे शोधून काढील या विश्वासाने वस्तू बेफिकिरीने हाताळल्या जातात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. अंमलबजावणीची तारीख अधिसूचित करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. नवा रायपूर येथे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या संकुलाची पायाभरणी जून 2025 मध्ये झाली.

तथापि, दुर्ग जिल्ह्यातील उतईसारख्या नगरात गुन्हा घडल्यास तज्ज्ञांच्या आधी पोहोचतात ते शेजारी आणि नातलग. त्यांनी जखमीस मदत करावी, पोलिसांना कळवावे; मात्र रक्त पुसू नये, शस्त्र उचलू नये आणि ये-जा थांबवावी. ओला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यास बुरशी व जिवाणूंमुळे डीएनए नष्ट होऊ शकतो. त्यामुळे तो वाळवून कागदी पाकिटात ठेवला जातो आणि पाकीट कोणाकोणाच्या हातून गेले याची नोंद होते. ही साखळी तुटल्यास अद्ययावत प्रयोगशाळेचा अहवालही न्यायालयात कमकुवत ठरू शकतो.