वीस वर्षांचा क्वेंटिन आणि एक फोटो

पहिल्या महायुद्धातला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. मातीची कबर, लाकडाचा साधा क्रॉस आणि मोडक्या विमानाचं चाक. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे आधी चाकच दिसलं. मग नाव वाचलं.

ही कबर क्वेंटिन रूझवेल्टची. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा हा धाकटा मुलगा. इंजिनं खोलून जोडण्याची त्याला भारी आवड. हार्वर्ड सोडून तो पायलट झाला. १४ जुलै १९१८ रोजी फ्रान्समध्ये शामेरी गावाजवळ जर्मनांनी त्याचं न्यूपोर्ट विमान पाडलं. वय २०, म्हणजे आपल्याएवढंच!

जर्मनांनी त्याला लष्करी मानाने पुरलं. पण विमानाशेजारी पडलेल्या त्याच्या मृतदेहाचा फोटो काढून त्याची पोस्टकार्डंही छापली. काही आठवड्यांनी तो भाग अमेरिकन फौजेकडे आला आणि कबरीचे फोटो निघाले. मरण एकच, फोटो दोन. पहिला म्हणतो, "बघा, आम्ही कोणाला मारलं." दुसरा फक्त सांगतो, "तो इथे आहे."

हे 'इथे आहे' सांगणं किती मोठं काम आहे ते ब्रिटिशांकडे बघून कळतं. त्यांच्या सैनिकांचे मृतदेह मायदेशी न्यायला १९१५ पासून बंदी होती. मग आईवडिलांना काय मिळणार? फाबियन वेअर या गृहस्थांच्या पथकाने कबरींची नोंद सुरू केली आणि घरचे मागतील तसे फोटो पाठवले. फोटोच्या कार्डावर नाव, रेजिमेंट, कबरीची जागा आणि चक्क जवळचं रेल्वे स्टेशन! म्हणजे उद्या कधी जाता आलं तर पत्ता हाताशी. याच कामातून १९१७ साली इम्पिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन उभं राहिलं.

आता आपल्याकडे येऊ. फ्रान्समध्येच नव्ह-शापेल इथे १९२७ साली उभारलेलं भारतीय स्मारक आहे. त्यावर ४,७०० हून जास्त नावं आहेत. या सगळ्यांची कबर कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. त्यामुळे त्यांच्या गावी असं कार्ड कधी गेलंच नसणार.

असो. म्हणून जुन्या पुस्तकात असा फोटो दिसला की पान लगेच उलटू नका. क्रॉसवरचं नाव तेवढं वाचा. तो फोटो काढलाच होता कोणीतरी ते वाचावं म्हणून.