दंडावरची लस मूत्राशयात कशासाठी?

"डॉक्टर, मला क्षय झालेला नाही ना? मग क्षयाची लस कशाला देताहेत?" एक निवृत्त गुरुजी परवा मला विचारत होते. त्यांच्या मूत्राशयातील कर्करोगाची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली होती. गाठ वरच्या अस्तरापुरतीच होती. पण अशा गाठी पुन्हा उगवतात, म्हणून तज्ज्ञांनी आठवड्याला एक अशा बीसीजीच्या सहा खेपा सांगितल्या. तीन झाल्या. लघवीला जळजळ, अंगात कणकण. चौथ्या खेपेला जायला गुरुजी तयार नव्हते.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर जिचा वण आहे, तीच ही लस. फ्रान्समध्ये लील येथे काल्मेट व ग्वेरँ यांनी गाईच्या क्षयाचे जंतू पित्त व ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर १३ वर्षे पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केले. १९२१ साली ती लस प्रथम माणसाला दिली. कर्करोगावर तिचा उपयोग पुढे झाला. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती थेट मूत्राशयात सोडली आणि १९७६ साली नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आज हा जगभर रूढ उपचार आहे.

कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली. त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या पहाऱ्यातून ती घरच्या चोरासारखी निसटते. जिवंत जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटले की पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही सापडतात. गुरुजींची जळजळ बहुधा त्याच लढाईची. मात्र जळजळ जास्त म्हणजे गुण जास्त, असा हिशेब नाही. आणि दंडावर पुन्हा टोचून घेऊन हे काम होत नाही, हेही सांगून ठेवतो. गाठ स्नायूत उतरली असेल तर ही लस पुरत नाही.

नळीवाटे सोडलेले औषध साधारण दोन तास धरून ठेवावे लागते. त्यानंतर सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी व संडासात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी सोडावे. जंतू जिवंत असतात. हुडहुडी भरून ताप आला किंवा ताप दोन दिवस हटला नाही, तर पुढच्या खेपेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. क्वचित हे जंतू अंगात पसरतात.

गुरुजींची लघवी तपासली, त्यांच्या तज्ज्ञांशी बोललो आणि चौथी खेप पार पडली. विडी मात्र अजून सुटलेली नाही, आणि या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हेच आहे.

एक गोष्ट मला लागून राहिली. गुरुजींना दोनदा लाल लघवी झाली होती. दुखले नाही, आपोआप थांबली, म्हणून त्यांनी चार महिने घरात कोणाला सांगितलेच नाही. न दुखता एकदा जरी लघवीतून रक्त गेले, तरी त्याच आठवड्यात दाखवा.