धावपटूचा घोटा : दोन मिनिटांची तपासणी

लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणारे एक गृहस्थ अकिलिस कंडरेच्या दुखण्यासाठी माझ्याकडे आले. मी विश्रांती आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम सांगितले. ते निष्ठेने करीत. पण धावू लागताच दुखणे परतत असे. तिसऱ्या भेटीत मी त्यांना उकिडवे बसावयास सांगितले, तेव्हा उजवी टाच जमिनीस टेकेना. तो घोटा पूर्वी चांगलाच मुरगळला होता. त्यांनी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

चालताना नडगी पावलावर साधारण 10 अंश पुढे झुकावी लागते. धावताना याहून बरीच अधिक. ही मोकळीक नसेल तर टाच वेळेआधी उचलली जाते, पाऊल आतल्या बाजूस कलते आणि भार पोटरी, कंडरा, तळपाय व गुडघा यांवर पडतो.

तपासणीस मोजपट्टी पुरे. अनवाणी पायाने भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीस लावावा. पाऊल थोडे थोडे मागे घ्यावे व गुडघा टेकतो तोवरचे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे. सुमारे 10 सेंटीमीटर अंतर समाधानकारक मानता येते. 1 सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ साडेतीन अंश. दोन्ही पायांत 2 सेंटीमीटरहून अधिक फरक असल्यास त्याची दखल घ्यावी.

त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा : अडते कोठे? ताण मागे पोटरीत जाणवल्यास दोष स्नायूंचा. वरवरच्या स्नायूसाठी गुडघा सरळ ठेवून आणि खोलवरच्या स्नायूसाठी गुडघा वाकवून, प्रत्येकी अर्धा मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा ताण द्यावा. घोट्याच्या पुढे चिमटा बसल्यासारखे वाटल्यास मात्र अडथळा सांध्यात असण्याचा संभव अधिक. तेथे पोटरी कितीही ताणली तरी उपयोग बेताचाच. अस्थिवाढ नाही ना, हे क्ष-किरण चित्राने पाहावे आणि सांधा मोकळा करण्याचे काम भौतिकोपचारतज्ज्ञांकडे सोपवावे.

त्या गृहस्थांचा चिमटा पुढेच होता. सांधा सैल झाल्यावर पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम त्यांनी 12 आठवडे केला व ते पुन्हा धावू लागले.

घोटा आधीच सैल असेल, वारंवार मुरगळत असेल, तर ताण देऊ नये. त्याला बळ व तोल हवा. म्हणून आधी मोजावे, मग सांगावे. त्या दिवसापासून माझ्या मेजाच्या खणात मोजपट्टी असते.